सुई-सिरिंजची बॅग घेऊन पहिल्यांदा निघताना: नव्या आउटरीच वर्करसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झाल्यावर मला इंजेक्शनने नशा करणाऱ्यांच्या टीआय प्रकल्पात नोकरी लागली. ट्रेनिंगमध्ये फ्लिपचार्ट मिळाला, फॉरमॅटचा गठ्ठा मिळाला. पण सकाळी साडेसहाला पादचारी पुलाखाली चार माणसं पाठ करून बसलेली असताना पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मुंबईत हार्बर लाइनच्या कडेकडेने नऊ वर्षं हे काम केलं. तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल तर मी खाल्लेल्या ठेचा तुम्हाला लागू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

टीआय म्हणजे एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या लोकांपर्यंत थेट पोहोचणारा प्रकल्प. पैसा आणि नियम नॅकोचे, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे. मुंबईत देखरेख मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेची, तिचं ऑफिस वडाळ्याला. रस्त्यावरचं काम आपल्यासारख्या संस्थांचं.

नातेवाईक विचारतील, "नशेसाठी सुया वाटता?" उत्तर तयार ठेवा. देशात साधारण ८.५ लाख लोक इंजेक्शनने नशा करतात, असा २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. सर्वसाधारण प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२१ च्या सर्वेक्षणात इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये ते ९ टक्के निघालं. मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमारास सुईवाटे विषाणू शिरला आणि वर्षभरात तिथले निम्म्याच्या आसपास इंजेक्शन घेणारे बाधित झाले. सुईतून तो इतक्या वेगाने पसरतो. माणूस नशा सोडेल तेव्हा सोडेल, तोवर तो जिवंत आणि निरोगी राहायला हवा.

पुढे वाचताना एकच प्रश्न मनाशी ठेवा: मी आज जे केलं त्याने हा माणूस उद्या परत माझ्याकडे येईल का?

१. निघण्याआधी: कागद आणि लसी

हे जवळ हवंच:

- संस्थेचं फोटो ओळखपत्र, गळ्यात घालायचं
- एड्स नियंत्रण संस्थेच्या पत्राची झेरॉक्स, प्लास्टिकच्या पाकिटात (पावसाळ्यात कागदाचा लगदा होतो)
- एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ च्या कलम २२ ची एक पानी प्रत
- रेफरल स्लिपा, रोजची वही, दोन पेनं
- प्रोजेक्ट मॅनेजर, नर्स आणि जवळच्या सरकारी हॉस्पिटलचे नंबर, मोबाइलमध्ये आणि कागदावरही

हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. रुजू झाल्याच्या आठवड्यातच पहिला घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शनही. संस्था देईल तेव्हा देईल, असं म्हणत थांबू नका, मागे लागा.

२. पोलीस: एक नाही, तीन

मी पहिल्या महिन्यात फक्त स्थानिक पोलीस ठाण्यात पत्र दिलं आणि निर्धास्त झाले. आठवड्याभरात रुळाच्या कडेला आम्हाला अडवलं ते दुसऱ्याच खात्याच्या माणसाने. रेल्वेलगतच्या अड्ड्यावर शहर पोलीस, लोहमार्ग पोलीस आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) अशा तिघांचा संबंध येतो. तिन्हीकडे पत्र द्या, पोचशिक्का घ्या. वरिष्ठ निरीक्षक बदलले की पुन्हा जा. बीटवरच्या हवालदारांनाही भेटा, कारण अडवणारे तेच असतात.

बोलताना आवाज चढवू नका, कागद पुढे करा. कलम २२ सांगतं की एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केलेलं काम गुन्हा ठरत नाही. त्यात सुई बदलून देण्याचं उदाहरणच दिलेलं आहे: देणाराही दोषी नाही, घेणाराही नाही. मात्र हे संरक्षण नशेच्या मालाला नाही. खिशात पुडी सापडली तर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागतोच. म्हणून कुणाचा माल एक मिनिटही सांभाळू नका, "बस पकड के रख दीदी" म्हणाला तरी नाही.

३. पीअरशिवाय अड्ड्यावर पाऊल टाकू नका

पीअर एज्युकेटर म्हणजे ज्याने स्वतः हे आयुष्य काढलंय असा आपला सहकारी. पदाने तुम्ही त्याच्या वर असाल, पण अड्ड्यावर गुरू तोच. माझ्या जोडीच्या पीअरभाऊंनी पहिल्या दिवशी मला सांगितलं, "ताई, दोन आठवडे फक्त माझ्या मागे उभ्या राहा. लोकांना तुमचा चेहरा पाठ होऊ दे." मला ते अपमानाचं वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एका पोराने आपणहून विचारलं, "दीदी, कल क्यों नहीं आई?" तेव्हा कळलं.

वेळ ठरवा आणि मोडू नका. बहुतेकांचा पहिला डोस सकाळी असतो. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, लागलेली असते, अंग मोडून आलेलं असतं, नाक-डोळे गळत असतात. तेव्हा नवी सुई हाताशी नसेल तर तो शेजाऱ्याची घेणारच. तुम्ही साडेसहाऐवजी आठला गेलात, तर त्या दीड तासात काय घडलं असेल ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

डोस घेत असलेल्या माणसाशी बोलू नका. टर्कीतल्या माणसाला माहिती सांगू नका. डोसनंतर पंधरा-वीस मिनिटांनी, डोळे मिटत नसतील तर बोला. "गर्दुल्ला" हा शब्द ऑफिसातल्या गप्पांतसुद्धा नको. तो तोंडात बसला की अड्ड्यावर निसटतो. दादा, भाई, चाचा, नावाने हाक, जे त्याला आवडेल ते.

आणि पहिल्या भेटीत "सोडून का देत नाही?" विचारू नका. हा प्रश्न त्याला आईने, बायकोने, डॉक्टरने विचारून झालेला असतो.

४. बॅग

सुया-सिरिंज (दोन्ही मापांच्या, माणसागणिक सवय वेगळी), अल्कोहोल स्वॅब, कंडोम, गॉझ, बँडेज, बीटाडीन, साबण, पाण्याची बाटली. परतीच्या सुयांसाठी पांढरा, जाड, न भोसकला जाणारा, झाकणाचा डबा. लांब चिमटा. जाड रबरी हातमोजे. मोज्यांवर विसंबू नका, सुई त्यांतूनही जाते. ते रक्तासाठी असतात. एक-दोन बिस्किटपुडे मी स्वतःच्या पैशाने ठेवते, ते कुठल्याच फॉरमॅटमध्ये बसत नाहीत.

५. सुई देणं, सुई परत घेणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

किती द्यायच्या? "दिवसातून किती वेळा मारतोस?" असं साधं विचारा. उत्तर तीन आलं आणि तुम्ही परवा येणार असाल, तर दोन दिवसांच्या सहा आणि वर एक-दोन, कारण सुई बोथट होते, नस मिळत नाही, हातातून पडते. टार्गेट आणि स्टॉकचा मेळ बसावा म्हणून सगळ्यांना सरसकट दोन-दोन देणारे वर्कर मी पाहिलेत. रजिस्टर छान दिसतं. तिसऱ्या डोसला तो माणूस जुनीच सुई वापरतो किंवा दुसऱ्याची घेतो.

शनिवारी रविवारच्याही द्या. गणपती, दिवाळी, सलग सुट्ट्या यांआधी तर नक्कीच.

परत आणली नाही म्हणून नवी नाकारू नका. काल पोलिसांनी झडतीत फेकायला लावली असेल, महापालिकेच्या गाडीने गोधडीसकट उचलून नेली असेल. परतीचं महत्त्व सांगत राहा, पण देणं त्यावर अडवून ठेवू नका.

घेताना डबा जमिनीवर ठेवा, झाकण उघडा, दोन पावलं मागे या. त्याने स्वतःच्या हाताने आत टाकायच्या. तुम्ही डबा हातात धरायचा नाही आणि त्याच्या हातातून सुई घ्यायची नाही. टोपण परत लावायला सांगू नका, अनेकांना सुई टोचते ती टोपण लावतानाच. मोजणी पडताना करा, नंतर डब्यात डोकावून नाही. आसपास पडलेल्या सुया चिमट्याने, एकेक.

एक चाचा होते, दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले, बोटं वळत नसत. ते पाण्याच्या जुन्या बाटलीत सुया साठवत आणि बाटलीचं तोंड चिंधीने बांधून ठेवत. पहिल्यांदा दिली तेव्हा म्हणाले, "गिन लो दीदी, ग्यारह है." त्या सुजलेल्या बोटांनी गाठ सोडवायला त्यांना पाच मिनिटं लागली. मी उभी राहिले. एकेक सुई डब्याच्या तळाशी टक्‌ टक्‌ पडत गेली, अकरा. शेजारच्या झोपडीत रांगणारं मूल होतं, त्याला टोचू नये म्हणून ते हे करत होते. तेव्हापासून सुया का परत आणायच्या हे समजावताना मी विषाणूपेक्षा त्या मुलाबद्दल जास्त बोलते.

डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा. तो ड्रॉप-इन सेंटरला, म्हणजे लोक येऊन बसतात त्या प्रकल्पाच्या केंद्राला, जातो आणि तिथून जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीत. कचराकुंडीत कधीच नाही. तिथे कचरा वेचणाऱ्या बाया हात घालतात.

६. तुम्हाला टोचली तर

मला तिसऱ्या महिन्यात टोचली. एका पोराने घाईत प्लास्टिकच्या पातळ पिशवीत सुया आणल्या आणि मी पिशवी हातात घेतली. अंगठ्याच्या बुडाशी लागलं, रक्त अगदी थेंबभर. जवळच्या एका सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मला सांगितलं, "उद्या ओपीडीला या." मी हलले नाही. मॅनेजरने फोनवर फोन केले आणि साडेतीन तासांनी पहिली गोळी मिळाली. हे भांडण तुमच्या वाट्याला आलं तर कचरू नका, घड्याळ तुमच्या बाजूने नसतं.

क्रम असा:

१. बोट दाबू नका, चोखू नका. स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा.
२. लगेच वरिष्ठांना कळवा. लाजू नका, लपवू नका.
३. थेट कॅज्युअल्टी. तिथे पीईपी (टोचल्यानंतर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं औषध) असा शब्द वापरा. औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.
४. गोळ्या २८ दिवस, एकही न चुकवता. मळमळ झाली तर डॉक्टरला विचारा, स्वतः बंद करू नका.
५. रक्ततपासणी लगेच, मग ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने. हिपॅटायटिस बी आणि सीचीही.

बाधित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर त्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. पहिल्या मुद्द्यात लसीचा एवढा आग्रह धरला तो यासाठी.

७. "मैं किसी का सुई नहीं लेता"

हे खरं असू शकतं, आणि तरी धोका उरतोच. दोघांनी काँट्री (वर्गणी) काढून एक पुडी घेतली की ती एकाच ढाकणात भिजते. त्यातच एकाची वापरलेली सुई बुडते, दोघं एकाच कापसातून ओढतात, एकाच बाटलीच्या पाण्यात सिरिंज धुतात. सुई आपापली, रक्त सगळ्यांचं. हिपॅटायटिस सी तर असाच पसरतो, तो विषाणू चिवट आहे.

म्हणून "सुई शेअर करतोस का?" असं विचारू नका. "काल कुणाबरोबर होतास? पाणी कुणाचं होतं? ढाकण कुणाचं?" असं विचारा. एकेक गोष्ट सुटी करून दाखवा: आपलं ढाकण, आपला कापूस, आपलं पाणी, आणि वाटणी सुकीच असताना. हे मीही पीअरभाऊंकडूनच शिकले, फ्लिपचार्टवर त्याचं चित्र नव्हतं.

८. गळू आणि जखमा

माणूस सेंटरवर पहिल्यांदा येतो तो बहुधा गळू घेऊन. टोचण्याआधी स्वॅब एकदाच, एका दिशेने फिरवायचा. जागा रोज बदलायची. मान आणि जांघ टाळायची. गोळ्या कुटून टोचल्या की गळवं हमखास. गळू दाबून फोडायला सांगू नका. नर्सकडे ड्रेसिंगला आणा आणि ताप, लाल रेघ किंवा सुन्नपणा असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलला, स्वतः सोबत जा. एकटा पाठवलात तर तो केसपेपरच्या रांगेतून परत येतो, कारण शेजारचा माणूस नाक दाबतो. ड्रेसिंगसाठी तो रोज येऊ लागला की बाकीची कामं आपोआप मार्गी लागतात.

९. ओव्हरडोस

ओठ-नखं निळी, श्वास मंद किंवा घोरल्यासारखी घरघर, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हलवूनही उत्तर नाही. मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी घासा. हालचाल नाही, तर १०८. तोंडात काही असेल तर काढा, मान मागे करा, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या. श्वास चालू झाला की कुशीवर वळवून ठेवा, उलटी झाली तरी गुदमरणार नाही. नालोक्सोन नावाचं औषध ओव्हरडोस उतरवतं. तुमच्या नर्सकडे आणि जवळच्या हॉस्पिटलमध्ये ते आहे का, हे आजच विचारून ठेवा. त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि माणूस पुन्हा बुडू शकतो, म्हणून उठून बसला तरी हॉस्पिटलला न्यायचाच.

मिठाचं पाणी टोचणं, दूध पाजणं, थंड पाण्याच्या बादल्या ओतणं, कानाखाली मारणं यांनी जीव वाचत नाही, वेळ जातो. सोबतचे पोलिसांच्या भीतीने पळतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा: पळा हवं तर, पण जाताना १०८ लावा आणि कुशीवर वळवा.

१०. चाचणी, आणि चाचणीनंतरचा आठवडा

आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, तपासणी फुकट, समुपदेशन आधी आणि नंतर, आधारची गरज नाही. निगेटिव्ह आला तरी दर सहा महिन्यांनी पुन्हा. ओढून नेऊ नका. कायद्याने संमती लागतेच आणि फसवून नेलेला माणूस परत येत नाही. सकाळचा डोस घेतल्यावर, टर्की नसताना न्या, नाहीतर रांगेतून उठून जाईल.

पॉझिटिव्ह निघाला तर पुढचा आठवडा त्याला एकटं सोडू नका. २०१७ पासून निदान झाल्याबरोबर औषध सुरू करायचं धोरण आहे, मोफत. देशात मोफत एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) एप्रिल २००४ मध्ये ज्या मोजक्या केंद्रांवर सुरू झाली, त्यांत आपलं जे. जे. होतं. गोळ्या सुरू करायला नशा सुटलेली असण्याची अट नाही; कुणी तसं म्हणालं तर नम्रपणे पण ठाम राहा. फूटपाथवर राहणाऱ्याच्या गोळ्या चोरीला जातात, भिजतात. त्या ड्रॉप-इन सेंटरच्या कपाटात त्याच्या कोडने ठेवता येतील का, हे मॅनेजरशी ठरवा.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबीची तपासणी. हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह असेल तर घाबरवू नका, त्याचं औषध २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतं आणि बहुतेकजण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात.

११. ओएसटी

"दीदी, अब थक गया" हे वाक्य आलं की ओएसटीचं, म्हणजे सुईऐवजी डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायच्या पर्यायी औषधाचं, बोला. जिभेखाली विरघळणारी बुप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रात, नर्ससमोर घ्यायची. टर्की थांबते, सुई सुटू लागते, माणूस हमालीला, कारखान्यात जाऊ लागतो. मोठा सापळा असा: गर्द मारून लगेच पहिली गोळी घेतली तर टर्की उसळून येते आणि तो अड्ड्यावर जाऊन सांगतो की ही गोळी विष आहे. मग पुढे महिनाभर कुणी येत नाही. म्हणून टर्की सुरू झाल्यावरच डॉक्टर पहिली गोळी देतात, हे त्याला आदल्या दिवशी नीट समजावा आणि त्या सकाळी त्याच्या शेजारी बसा. मध्ये चार दिवस दांडी मारली, पुन्हा सुई मारली, तरी दार उघडं असतं, हेही सांगा.

१२. बाया दिसत नाहीत, पण आहेत

बाई सहसा स्वतः सुई घ्यायला येत नाही, नवऱ्याच्या किंवा मित्राच्या हाताने मागवते. टोचतोही तोच, आधी स्वतःला, मग त्याच सुईने तिला. कुणी नेहमीपेक्षा दुप्पट सुया मागू लागला तर हटकू नका, "घरी आणखी कुणासाठी?" एवढं विचारा. बायांसाठी वेगळी वेळ, वेगळी जागा आणि बाई वर्कर हवी. त्यांना पाळीचे पॅड, मुलाचं दूध, मार खाल्ल्याची तक्रार हे आधी बोलायचं असतं. ते ऐका, सुईचं नंतर.

१३. वही

फील्डच्या वहीत पूर्ण नाव लिहू नका, कोड लिहा. एचआयव्हीचा निकाल तर अजिबात नाही. कुणाचा निकाल संमतीशिवाय उघड करणं कायद्याने मना आहे आणि बॅग ट्रेनमध्ये राहू शकते. सुया दिल्या किती, परत किती, रेफर कुठे केलं आणि शेवटचा कधी दिसला, एवढं त्याच दिवशी भरा. हेल्पलाइनचे नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर: एचआयव्हीसाठी १०९७, नशामुक्तीसाठी १४४४६, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

शनिवारी वही उघडून आठवडाभर न दिसलेले कोड वेगळे काढा आणि पीअरला विचारा. कुणी गावी गेला असेल, कुणी हॉस्पिटलमध्ये, कुणी आत, म्हणजे तुरुंगात. आतून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आलेला माणूस पुलाखाली दिसला की कुठे होतास ते नंतर विचारा. आधी एवढं सांगा: तुझ्या शरीराची सवय मोडली आहे, पूर्वी मारायचास तेवढं मारलंस तर श्वास थांबेल, आज एकटा मारू नको आणि आधी थोडंच घे. मग सुया द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी त्याच्याच जागेवर जा.